घड्याळाशी शर्यत

डुमसच्या रस्त्यावर भरधाव मोटार दिसली की आम्हां सुरतकर विद्यार्थ्यांना शर्यत आठवते. पण वेगाची खरी जागा शर्यतीचा बंद मार्गच होय. जपानात त्सुकुबा नावाच्या २०४५ मीटरांच्या मार्गावर गाजलेल्या ‘टाइम अटॅक’मध्ये मोटार घड्याळाशी झुंजते, सर्वांत जलद फेरी तेवढी धरतात. मात्र लहान मोटारीस बलाढ्य मोटारीशी जोखणे अन्यायच! म्हणून इंजिनाचे आकारमान, टायर व केलेले फेरफार पाहून वर्ग पाडतात. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो. सबब पुष्कळ नियमांत त्याचे आकारमान १.७ ने गुणतात. १२०० घनसेंटिमीटरांचे इंजिन मग २०४० चे ठरते. शर्यतीपूर्व तपासणीत ब्रेक, पट्टा वा शिरस्त्राण सदोष आढळल्यास मोटार बाहेरच राहते.