क्रीडाबाहुल्यांचा संग्रह : गुणपरीक्षा आणि मूल्यनिर्णय

जुन्या वस्तूंच्या संग्रहात बाहुलीला पूर्वीपासून स्थान आहे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन व फ्रेंच कारागिरांनी घडविलेल्या चिनी मातीच्या मुखाच्या बाहुल्या युरोप-अमेरिकेतील संग्राहकांनी फार पूर्वीच आपल्याशा केल्या. त्यांचे मोल का, हा प्रश्न सहसा पडत नाही. कारण वय, दुर्मिळता आणि कारागिरी ही तिन्ही कारणे तेथे उघड दिसतात. ज्यांना ‘आधुनिक क्रीडाबाहुल्या’ म्हणतात, त्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक व व्हिनाइल यांपासून, साच्यांतून, लक्षावधींच्या संख्येने निघालेल्या आणि मुलांच्या हाती देण्यासाठीच केलेल्या या वस्तू. अशा वस्तूंपैकी एखादीच मोलाची का ठरते आणि ती तशी आहे हे ओळखावे कसे, याचा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरणासाठी या वर्गातील सर्वांत परिचित बाहुली, अमेरिकेतील मॅटेल कंपनीची ‘बार्बी’, ही घेतली आहे.

बार्बी प्रथम ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात मांडण्यात आली. तिची किंमत ३ डॉलर होती. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रूथ हँडलर यांची ही कल्पना. तिच्या मागे ‘लिली’ ही जर्मन बाहुली उभी होती. ‘बिल्ड’ या वृत्तपत्रातील एका व्यंगचित्रमालेवरून निघालेली लिली १९५५ पासून विकली जात होती आणि प्रथम ती प्रौढांसाठी होती. अर्भकाच्या रूपाऐवजी तरुण स्त्रीचे रूप आणि तिच्यासाठी स्वतंत्रपणे विकत घेता येणारे कपडे, ही या नव्या बाहुलीची वैशिष्ट्ये होत. पुढील सर्व मूल्यविचाराचे बीज यात आहे. कारण येथे संग्राह्य वस्तू केवळ बाहुली नसून बाहुली, वस्त्रे, लहानसहान उपकरणे आणि खोके यांचा समुच्चय आहे.

गुण आणि मूल्य या दोन संकल्पना प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत. गुण हा वस्तूत असतो. डोक्यावरील केस किती दाट रोवले आहेत, डोळे व ओठ यांची रंगाई किती रेखीव आहे, सांधे घट्ट आहेत की सैल, कपड्यांची शिवण कशी आहे, हे सारे वस्तू हातात घेऊन तपासता येते. शार्लट जॉन्सन यांनी योजिलेले प्रारंभीचे कपडे जपानमध्ये शिवले जात. त्यांतील अस्तर, इवल्या गुंड्या आणि आतून शिवलेली चिठ्ठी पाहिली की नंतरच्या काळातील कपड्यांशी असलेला भेद कोणाच्याही लक्षात यावा. मूल्य हे मात्र वस्तूत नसते. ते वस्तू आणि तिला हवीशी मानणारा समाज यांच्या संबंधात असते. ऑक्टोबर २०१० मध्ये न्यूयॉर्क येथील क्रिस्टीजच्या लिलावात एका बार्बीला ३,०२,५०० डॉलर मिळाले. पण त्या बाहुलीच्या गळ्यात जवाहिरे स्टेफानो कँटुरी यांनी केलेला खऱ्या हिऱ्यांचा अलंकार होता आणि ती रक्कम कर्करोगविषयक कार्यासाठी होती. हे मोल हिऱ्यांचे व हेतूचे होते; त्यावरून बाहुल्यांच्या बाजाराविषयी काहीही अनुमान काढता येत नाही.

मूल्यनिर्णयाची पहिली पायरी म्हणजे अभिज्ञान, अर्थात वस्तू नेमकी कोणती आहे हे ठरविणे. ही पायरी हस्तलिखितांच्या चिकित्सेशी फार जवळची आहे. पहिल्या बार्बीच्या तळपायांत छिद्रे असून त्यांत तांब्याच्या नळ्या बसविलेल्या असत, म्हणजे ती आपल्या बैठकीच्या खुंट्यांवर उभी राही. त्याच वर्षी ही छिद्रे नाहीशी झाली. दोन्हींच्या बुबुळांत रंग नाही, ती पांढरीच आहेत. भुवया टोकदार आहेत. १९६० मध्ये बुबुळे निळी झाली आणि भुवयांना गोलाई आली. संग्राहक या अवस्थांना ‘क्रमांक एक’, ‘क्रमांक दोन’, ‘क्रमांक तीन’ म्हणतात. ही नावे कारखान्याने दिलेली नाहीत. पाठचिकित्सक ज्याप्रमाणे पोथ्यांना संकेताक्षरे देतो, त्याप्रमाणे संग्राहकांनी भेदक लक्षणे पाहून ती मागाहून दिली. ज्याप्रमाणे एका परंपरेच्या पोथीत दुसऱ्या परंपरेचे पाठ शिरतात, त्याप्रमाणे येथेही एका काळाचे डोके दुसऱ्या काळाच्या धडावर बसविलेले आढळते. डोके सहज निघते, म्हणून अशी संकरित बाहुली घडविणे अवघड नाही. यास्तव डोके, धड आणि वस्त्र यांची साक्ष स्वतंत्रपणे घेऊन मगच ती परस्परांशी ताडून पाहावी लागते.

अंगावरील अक्षरांविषयी तर विशेष सावधगिरी हवी. नवख्या संग्राहकाची सर्वांत सामान्य चूक म्हणजे पाठीवर ‘१९६६’ हे वर्ष वाचून बाहुली त्या वर्षीची मानणे. वस्तुतः ते वर्ष धडाच्या त्या घडणीवरील स्वामित्वहक्काचे आहे. कमरेत वळणाऱ्या त्या धडाची बाहुली बाजारात आली १९६७ मध्ये, आणि ते वर्ष पुढे कित्येक दशके धडांवर उमटत राहिले. डोक्याच्या आतील कडेवर १९७६ असे निराळेच वर्ष असू शकते. एकाच बाहुलीवर १९६६ व १९७६ ही दोन्ही वर्षे असून ती प्रत्यक्षात १९९० नंतर निर्माण झाली असणे सर्वथा शक्य आहे. कोरीव लेखातील राजाचा शक आणि लेख कोरल्याचा काळ यांत भेद करावयास शिकलेल्या अभ्यासकाला हे नवीन वाटू नये. लेख काय म्हणतो याआधी तो कशाविषयी म्हणतो हे पाहिले पाहिजे. अशा वेळी निर्मितीचा देश अधिक उपयोगी पडतो. कारण आरंभी जपानमध्ये होणारे हे काम नंतर तैवान, हाँगकाँग, फिलिपीन्स, मलेशिया, चीन, इंडोनेशिया अशा देशांत गेले.

दुसरी पायरी स्थितीची परीक्षा ही होय. व्हिनाइलला मऊपणा आणणारे द्रव्य काळाच्या ओघात पृष्ठभागावर झिरपते. अंग चिकट होते आणि त्यावर धूळ धरते. प्रारंभीच्या बाहुल्यांची कांती फिकट पडून हस्तिदंती झालेली दिसते. कानातील धातूच्या कुड्यांमुळे सभोवार हिरवा डाग पडतो. तो मुखाच्या आत खोलवर पसरू शकतो. हे डाग काढण्यासाठी मुरुमांवरील औषध लावण्याचा प्रघात आहे. त्याने डाग फिका होतो. परंतु त्या जागेचा मूळ रंगही उडण्याची भीती असते. याखेरीज कापलेले केस, पुन्हा रंगविलेले ओठ, चावलेली बोटे हे दोष पाहावे लागतात. दुरुस्ती स्वतः दोष नव्हे. न सांगितलेली दुरुस्ती हा दोष.

या परीक्षेतून एक परिभाषा निर्माण झाली आहे आणि भाषाभ्यासकाने तिच्याकडे अवश्य लक्ष द्यावे. सर्वोच्च श्रेणी ‘मिंट’ ही. हा शब्द टांकसाळीतून आला; मराठीत ‘कोरी करकरीत’ म्हणावे तसा. नाणकशास्त्रात त्याला मर्यादित अर्थ होता. विक्रेत्यांच्या जाहिरातींत तो इतका सैल झाला की ‘जवळजवळ मिंट’, ‘खोक्यासह मिंट’ अशी विशेषणे त्याला जोडावी लागली. त्याच्याही वर ‘एन.आर.एफ.बी.’ हे लघुरूप आले. ‘खोक्यातून कधीही न काढलेली’ असा त्याचा अर्थ. उलट टोकाला ‘टी.एल.सी.’ आहे. ‘या बाहुलीला मायेने जपणारे कोणी हवे’ असा त्याचा भाव. म्हणजे येथे वस्तूची दुरवस्था न सांगता ग्राहकाचे कर्तव्य सांगितले जाते. श्रेणीवाचक शब्द बाजारात सतत वर सरकतात आणि त्यामुळे त्यांतील माहिती उणावते. म्हणून जाणते संग्राहक श्रेणीवर न विसंबता दोषांची यादी मागतात. ‘उत्तम’ हा अभिप्राय आहे. ‘डाव्या कानाशी दोन मिलिमीटरचा हिरवा डाग’ हे वर्णन आहे.

तिसरी पायरी दुर्मिळता व मागणी यांची. ‘मर्यादित आवृत्ती’ हे शब्द खोक्यावर छापल्याने वस्तू दुर्मिळ होत नाही. १९८८ मध्ये मॅटेलने नाताळनिमित्त ‘हॅपी हॉलिडेज’ ही विशेष बार्बी काढली. पुरवठ्याच्या मानाने मागणी मोठी होती आणि पुढे तिची किंमत वाढली. हे पाहून नंतरच्या वर्षांतील याच मालिकेतील बाहुल्या असंख्य लोकांनी गुंतवणूक म्हणून घेतल्या आणि खोके न उघडता जपल्या. कंपनीनेही त्या विपुल प्रमाणात काढल्या. परिणाम अपेक्षेच्या विरुद्ध झाला. सर्वांनीच जपल्यामुळे कोणतीच दुर्मिळ राहिली नाही आणि किंमती कोसळल्या. १९५९ ची बाहुली दुर्मिळ झाली, कारण तिच्याशी मुली मनमुराद खेळल्या. तिचे केस कापले गेले, बूट हरवले, खोके फेकले गेले. विनाश झाला म्हणून उरलेल्यांना मोल आले. जपणुकीच्या हेतूने घेतलेल्या वस्तूला हा इतिहास लाभत नाही.

यातूनच या संग्रहशास्त्रातील मूळ विसंगती पुढे येते. क्रीडाबाहुली खेळण्यासाठी असते. परंतु जिच्याशी कोणी खेळलेच नाही, तिला बाजार सर्वोच्च स्थान देतो. म्हणजे आपले कार्य न केलेली वस्तूच आपल्या वर्गाचा श्रेष्ठ नमुना ठरते. संग्राहकाच्या दृष्टीने यात दोष नाही; त्याला कारखान्याची मूळ कृती हवी आहे. परंतु संशोधकाच्या दृष्टीने हानी मोठी आहे. घरी शिवलेला झगा, शाईने काढलेली टिकली, दोऱ्याने बांधलेला पाय हे बाजाराला दोष वाटतात आणि स्वच्छ करताना प्रथम तेच पुसले जातात. पण मूल त्या बाहुलीशी कसे खेळले याचा तेवढाच लेखी नसलेला पुरावा असतो. कोऱ्या बाहुलीवरून कारखान्याचा इतिहास लिहिता येईल. बालपणाचा इतिहास लिहावयाचा तर वापरलेल्या बाहुलीकडेच जावे लागेल.

हा प्रश्न अमेरिकेपुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रातील लाकडी ‘ठकी’ ही भातुकलीतील बाहुली होती. तिच्यावरचा रंग लहान हातांनी झिजला, बाहुला-बाहुलीच्या लग्नात तिला चिंध्यांचे शालू नेसविले गेले. आता अशी जुनी ठकी हाती आली की तिला नवा रंग देऊन दिवाणखान्यात मांडण्याचा मोह होतो. अभ्यासकाने तो टाळावा. प्रथम आकार, लाकूड, रंगाचे थर आणि झिजेच्या जागा यांची नोंद करावी. ती कोणत्या घरात होती आणि तिला कोणत्या नावाने हाक मारीत, हे विचारून टिपून ठेवावे. निरीक्षण आणि अभिप्राय नेहमी वेगळ्या रकान्यांत लिहावेत. किंमत बाजारभावाप्रमाणे बदलेल, श्रेणीचे शब्दही बदलतील. काळजीपूर्वक केलेले वर्णन मात्र पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडेल, आणि ठकीचा रंग एकदा खरवडला गेला की ते वर्णन करण्याची संधी पुन्हा मिळणार नाही.