राउटरमधील आयपी टनेल : संकल्पना, मांडणी आणि सुरक्षिततेचा प्रश्न

प्रस्तावना :
एकाच शिक्षणसंस्थेचे काम दोन गावांतून चालू लागले की दोन्ही ठिकाणची संगणकजाळी परस्परांना जोडण्याची गरज निर्माण होते. त्यासाठी स्वतंत्र वाहिनी भाड्याने घेणे खर्चाचे असते. म्हणून उपलब्ध इंटरनेट जोडणीवरूनच दोन राउटरमध्ये आयपी टनेल, म्हणजे बोगदा, तयार केला जातो. हा बोगदा कसा मांडावा आणि त्यातून जाणारी माहिती खरोखर सुरक्षित असते काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना :
कोकण रेल्वेने १९९९ साली मालट्रकांसाठी रो-रो सेवा सुरू केली. कोलाड येथे भरलेला ट्रक वाघिणीवर चढतो, रत्नागिरीवरून पुढे गोव्यात वेर्णा येथे उतरतो आणि पुन्हा रस्त्याने आपल्या मुक्कामी जातो. टनेलमध्येही हेच घडते. १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत. त्यामुळे पहिला राउटर मूळ पॅकेटला नवे बाह्य शीर्षक जोडतो व त्यावर दोन्ही राउटरचे सार्वजनिक पत्ते लिहितो. दुसरा राउटर ते शीर्षक काढून मूळ पॅकेट आतील जाळ्यात सोडतो. यासाठी जीआरई हा प्रोटोकॉल बहुधा वापरला जातो. त्याचे प्रमाण मार्च २००० मध्ये आरएफसी २७८४ म्हणून प्रसिद्ध झाले.

मांडणी :
समजा, एका महाविद्यालयाचे रत्नागिरी येथील जाळे १९२.१६८.१०.० आणि चिपळूण येथील जाळे १९२.१६८.२०.० आहे. मांडणी पुढील क्रमाने करावी.
१) दोन्ही राउटरवर टनेल इंटरफेस निर्माण करून त्यांना १०.०.०.१ व १०.०.०.२ असे पत्ते द्यावेत.
२) प्रत्येक बाजूस स्वतःचा सार्वजनिक पत्ता उगम म्हणून व समोरचा सार्वजनिक पत्ता गंतव्य म्हणून नोंदवावा.
३) रत्नागिरीच्या राउटरवर चिपळूणच्या जाळ्याचा मार्ग टनेलमधून दाखवावा, चिपळूणच्या राउटरवर याच्या उलट नोंद करावी.
४) फायरवॉलमधून आयपी प्रोटोकॉल क्रमांक ४७ ला वाट द्यावी. हा पोर्ट क्रमांक नव्हे, हे लक्षात ठेवावे.

दोन सामान्य अडचणी :
समोरच्या राउटरच्या सार्वजनिक पत्त्याकडे जाणारा मार्ग चुकून टनेलमधूनच दाखवला गेल्यास बोगदा स्वतःवरच अवलंबून राहतो आणि बंद पडतो. तो मार्ग नेहमी इंटरनेट जोडणीतूनच ठेवावा.

दुसरी अडचण आकाराची आहे. वाघिणीवर चढलेल्या ट्रकची एकूण उंची वाढते, तसे पॅकेटही वाढते. बाह्य आयपी शीर्षकाचे २० व जीआरईचे ४ असे २४ बाइट वाढल्याने १५०० पैकी १४७६ बाइटच मूळ पॅकेटसाठी उरतात. याकडे दुर्लक्ष झाल्यास पिंगला उत्तर मिळते, परंतु मोठी फाइल मध्येच अडते. म्हणून टनेलचा एमटीयू १४७६ व टीसीपीचा एमएसएस १४३६ ठेवावा.

सुरक्षिततेचा प्रश्न :
'बोगदा' या शब्दामुळे आतील माहिती झाकलेली असते असा समज होतो. तो चुकीचा आहे. वाघिणीवरील उघडा ट्रक वाटेतील कोणालाही दिसतो, त्याचप्रमाणे जीआरईतील मजकूर वाटेत वाचता येतो. जीआरई तो सांकेतिक करत नाही. विद्यार्थ्यांचे गुण, जातप्रमाणपत्रे, बँक खात्यांचे तपशील अशा वाटेने पाठवणे धोक्याचे आहे. यासाठी जीआरईला आयपीसेकची जोड द्यावी लागते. आयपीसेक मजकूर सांकेतिक करते आणि समोरचा राउटर खरा आहे याची खातरजमाही करते. त्यामुळे पॅकेट आणखी वाढते. म्हणून एमटीयू बहुधा १४०० पर्यंत खाली आणतात. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती बाळगणाऱ्या संस्थेने वाजवी सुरक्षा उपाय योजावेत अशी तरतूद आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

निष्कर्ष :
टनेल वाट देतो, गोपनीयता देत नाही. दोन केंद्रे जोडली गेली म्हणजे काम संपले असे न मानता, आयपीसेक कार्यान्वित झाल्याची खात्री केल्याशिवाय विद्यार्थ्यांची माहिती त्या वाटेवर सोडू नये.