आज्ञा-ओळीवरून ध्वनीचे नियंत्रण : आकडा आणि त्याचा अर्थ

भाषितांच्या अभ्यासात मायक्रोफोन आणि संगणक यांचा वापर आता कागद-लेखणीइतकाच स्वाभाविक झाला आहे. परंतु ध्वनी कोणत्या पातळीवर मुद्रित झाला, ही गोष्ट टिपणवहीत क्वचितच नोंदविली जाते. पडद्यावरील पट्टी किंचित पुढेमागे सरकविली की काम भागते. ती नेमकी कोठे होती, हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही. लिनक्स प्रणालीत आज्ञा टंकून ध्वनीचे नियंत्रण करण्याची जी रीत आहे तिचे महत्त्व येथेच आहे. लिहिलेली आज्ञा ही आपोआप नोंदही होते. मात्र तिच्यातील आकड्याचा अर्थ कळला नाही, तर त्या नोंदीला किंमत राहत नाही.

ही रीत अल्पसाधन डेस्कटॉपवर अपरिहार्य ठरते. २००६ साली निघालेला डीडब्ल्यूएम किंवा २००९ मधील आय-थ्री हे केवळ खिडक्यांची मांडणी करणारे कार्यक्रम होत. ध्वनीची व्यवस्था पाहणे हे त्यांचे कार्य नव्हे. आवाज वाढविण्याची कळ दाबली असता कोणती आज्ञा दिली जावी, हे आय-थ्रीमध्ये साध्या मजकुराच्या फायलीत आणि डीडब्ल्यूएममध्ये कार्यक्रमाच्या मूळ संहितेतच लिहिलेले असते. ज्याला हे स्वतः लिहावे लागते त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की ही आज्ञा कोणाला उद्देशून द्यावयाची?

कारण ऐकणारे एकाहून अधिक आहेत. सर्वांत खाली आल्सा ही कर्नलमधील व्यवस्था असते. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये तिचे काम सुरू केले. ती साउंड कार्डाशी प्रत्यक्ष बोलते. तिच्यावर निरनिराळ्या कार्यक्रमांचे ध्वनी एकत्र करणारा दुसरा थर असतो. पूर्वी हे काम बहुधा पल्सऑडिओ करीत असे. फेडोरा वितरणाने २०२१ मध्ये त्याच्या जागी पाइपवायर आणले आणि इतर अनेक वितरणांनीही तोच मार्ग धरला. आल्साला उद्देशून द्यावयाची आज्ञा ‘एमिक्सर’ने, पल्सऑडिओला द्यावयाची ‘पीएसीटीएल’ने, आणि पाइपवायरला द्यावयाची बहुधा ‘डब्ल्यूपीसीटीएल’ने सुरू होते. (येथे आज्ञा उच्चारानुसार नागरीत दिल्या आहेत, प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टंकावयाच्या असतात.) दोन्ही थरांना स्वतःची पातळी आणि स्वतःचे मौन असते. वरचा थर पूर्ण खुला असूनही खालचा मुका असेल, तर ध्वनी ऐकू येत नाही.

या आज्ञांची घडण भाषाभ्यासकास परिचित वाटेल. ‘एमिक्सर सेट मास्टर ५%-’ या आज्ञेत प्रथम संबोधन, मग आज्ञार्थी क्रियापद, त्यानंतर कर्म आणि शेवटी परिमाण येते. येथे शेवटचे चिन्ह अर्थभेदक आहे. ‘५%-’ म्हणजे आहे त्यातून पाच टक्के उणे करणे. नुसते ‘५%’ म्हणजे पातळी पाचवर आणून ठेवणे. चिन्हाचे स्थानही सर्वत्र सारखे नाही. एमिक्सर आणि डब्ल्यूपीसीटीएल यांत ते आकड्यानंतर येते, पीएसीटीएलमध्ये आकड्यापूर्वी. कळफलकाच्या कळीला चिन्हासह आज्ञा जोडावी आणि मुद्रणापूर्वी चिन्हरहित द्यावी, हे यावरून ओघानेच येते. पहिली आधीच्या स्थितीवर अवलंबून असते. दुसरी प्रत्येक वेळी तोच परिणाम घडविते.

आता टक्क्यांविषयी. पल्सऑडिओमध्ये ५० टक्के म्हणजे अर्धा ध्वनी नव्हे. तेथे मापनश्रेणी घनाची आहे : ०.५ चा घन ०.१२५, म्हणजे लहरींचा विस्तार मूळच्या एक-अष्टमांश, म्हणजेच सुमारे १८ डेसिबेलची घट. विस्तार खरोखर निम्मा झाला असता घट अवघी ६ डेसिबेल झाली असती. एमिक्सरमधील टक्के याहून वेगळे. ते कार्डाने दिलेल्या पायऱ्यांचे टक्के असतात, आणि त्या पायऱ्या कार्डागणिक भिन्न. यास्तव ‘पातळी ५० टक्के होती’ हे विधान थर आणि श्रेणी सांगितल्याखेरीज अपुरे ठरते. ‘एमिक्सर गेट’ ही आज्ञा, कार्डाने ती माहिती पुरविली असल्यास, टक्क्यांबरोबर डेसिबेलही दाखविते. टिपणवहीत तो आकडा लिहिणे श्रेयस्कर.

ध्वनिमुद्रणात या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास होणारी हानी भरून न येणारी असते. सोळा बिटांच्या मुद्रणात प्रत्येक नमुना -३२७६८ ते ३२७६७ या मर्यादेतच राहू शकतो. कार्डावरील मायक्रोफोनची वृद्धी अधिक असेल, तर लहरींची शिखरे या मर्यादेला थडकून सपाट होतात. हे छाटले जाणे खालच्या थरात, ध्वनीचे आकड्यांत रूपांतर होतानाच घडते. अशा वेळी वरच्या थरातील पातळी निम्मी केली, तर लहर लहान दिसते. पण तिची शिखरे छाटलेलीच राहतात. पातळी दाखविणारी पट्टी मात्र सर्व ठीक असल्याचे भासविते. ज्या बोलीचे वृद्ध भाषक मोजकेच उरले आहेत, तिच्या बाबतीत ही चूक दुरुस्त करण्याची संधी पुन्हा मिळेलच असे नाही.

म्हणून मुद्रणापूर्वी दोन्ही थरांना स्वतंत्रपणे आज्ञा द्यावी. वरचा थर १०० टक्क्यांवर, म्हणजे वृद्धी वा घट न करणाऱ्या स्थितीत ठेवावा, आणि खरी पातळी कार्डावर ठरवावी. त्यासाठी एमिक्सरला कार्डाचा क्रमांक स्पष्टपणे द्यावा; तो न दिल्यास अनेक संगणकांवर ती आज्ञा वरच्या थरालाच पोचते. आपोआप वृद्धी करणारी सोय असल्यास ती बंद करावी, कारण ती हळू आणि मोठ्या उच्चारांतील अंतर पुसून टाकते. आघाताच्या अभ्यासात तर तेच अंतर मोजावयाचे असते. या चार-पाच आज्ञा एका फायलीत लिहून प्रत्येक बैठकीपूर्वी चालवाव्यात आणि ती फाईल मुद्रणांसोबतच जतन करावी.

अर्थात एवढ्याने दोन बैठकींतील तीव्रतेची तुलना सिद्ध होत नाही. कार्ड व मायक्रोफोन तेच हवेत, आणि मुखापासून मायक्रोफोनचे अंतरही तेच हवे. ते मोजपट्टीनेच घ्यावे लागते. परंतु ज्या घटकाची नोंद आजवर बोटाच्या हालचालीबरोबर नाहीशी होत होती, तो घटक लिखित आज्ञेमुळे इतरांना तपासता येतो. वर्षभरानंतर तेच मुद्रण हाती घेणाऱ्या दुसऱ्या अभ्यासकाला अनुमान करावे लागत नाही. त्याला वाचता येते.