कचेरीचा डबा आणि भट्टीची कोंबडी

“दुपारीं काय खाल्लेंस?” असा प्रश्न सायंकाळीं घरीं परतलेल्या मुलाला आजीनें, आईनें अथवा वहिनीनें विचारावा, हा आपल्या घरांचा जुना रिवाज आहे. पूर्वीं त्याचें उत्तर ठरलेलें असे. सकाळीं डब्यांत जें भरलें तेंच. आतां ह्या प्रश्नावर कित्येक तरुण क्षणभर थांबतात, पाण्याचा पेला तोंडाला लावतात आणि “नेहमींचेंच” म्हणून आंतल्या खोलींत निघून जातात. हें ‘नेहमींचें’ म्हणजे काय, ह्याचा तपास आम्हीं अलीकडे पापडींत पायपीट करून घेतला. वाचकांपैकीं कांहींना हा विषय ह्या पानांवर अप्रशस्त वाटेल. वाटो. जी गोष्ट उंबरठ्याबाहेर राजरोस चालते आणि उंबरठ्याच्या आंत जिचें नांवहि निघत नाहीं, तिच्याविषयीं एकदां उघडपणें लिहिलेलें बरें, असें आमचें मत आहे.

वसई रोड स्टेशनाहून वसईगांवाकडे जातांना वाटेंत पापडी लागतें. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल गाडी १८६७ सालीं सुटली. तेव्हांपासून ह्या भागांतला नोकरदार मनुष्य पोळीभाजीचा डबा हातांत घेऊन दक्षिणेकडे धांवत आला आहे. परंतु आतां सगळ्यांच्या कचेऱ्या फोर्टांत नाहींत. १९१८ सालीं स्थापन झालेल्या बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकेचें मुख्य कार्यालय पापडींतच आहे; शिवाय शाळा, दवाखाने, वकिलांच्या व हिशेबनिसांच्या खोल्या, लहानमोठीं दुकानें आहेतच. एक वाजला कीं ह्या सर्व ठिकाणांहून माणसें बाहेर पडतात, आणि ज्यांनीं डबा आणलेला असतो त्यांच्याहि नाकाशीं भाजलेल्या मांसाचा वास येऊन ठेपतो.

हा वास येथें परका नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. १५३४ सालच्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं ती घेतली. मधल्या दोनशें वर्षांत येथील अनेक कुळें ख्रिस्ती झालीं. त्यांतील कुपारी समाज आपले पूर्वज सामवेदी ब्राह्मण होते असें परंपरेनें सांगतो, आणि त्यांची बोली व त्यांच्या वृद्ध स्त्रियांचें तांबडें लुगडें पाहिलें म्हणजे ऐकणाऱ्यास त्याचें नवल वाटत नाहीं. ख्रिस्ती लोकांनीं विहिरींत पाव टाकला आणि तें पाणी प्याल्यामुळें सबंध गांव बाटला, अशी एक कथा ह्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यांतलें मर्म विचार करण्याजोगें आहे. पाव टाकणाऱ्याचा जो दोष असेल तो असो. परंतु आपल्याच भाऊबंदांना पावाच्या एका तुकड्यासाठीं कायमचें दाराबाहेर ठेवणारे कोण होते? आज त्याच पावाशिवाय आपल्या घरांतील मिसळ होत नाहीं.

आज पापडी हें वसई धर्मप्रांताचें मुख्य ठिकाण आहे. हा धर्मप्रांत १९९८ सालीं निर्माण झाला, आणि येथील कृपामातेचें चर्च त्याचें कॅथीड्रल होय. तेव्हां येथील दुपारच्या खाण्यांत कोंबडी व भाजलेलें मांस असणें म्हणजे कोणी बाहेरून आणलेली साथ नव्हे. तो शेजाऱ्यांचा स्वयंपाक आहे.

आतां प्रत्यक्ष ठिकाणांकडे वळूं. आम्ही स्वतः मांसाहारी नाहीं. म्हणून चवीचा निर्णय आम्ही देत नाहीं. परंतु भट्टी, भांडीं आणि वाढणाऱ्याचे हात पाहावयास जीभ लागत नाहीं. बेकऱ्यांत कोंबडीचें सारण भरलेले पॅटिस मिळतात. घाईचा मनुष्य तो कागदांत धरून उभ्याउभ्याच खातो. हातगाड्यांवर ‘चायनीज’ नांवाखालीं लाल माखलेले तळीव तुकडे मिळतात. चीन देशाशीं त्यांचा कितपत संबंध असेल ह्याची आम्हांस शंका आहे. घरगुती खानावळींत कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी मिळते, आणि हेंच जेवण त्यांतल्या त्यांत आपल्या घरच्या जेवणाच्या जवळचें आहे. बसून, ताटांत वाढून, शेवटीं भात घेऊन मनुष्य उठतो. पांचसात टेबलांचीं हॉटेलें आहेत, तेथें बिर्याणी आणि तंदुरी हे दोन शब्द पाटीवर सर्वांत मोठ्या अक्षरांत असतात.

ह्या तंदुरी कोंबडीचा इतिहास फार जुना आहे असें पुष्कळांस वाटतें. मातीची भट्टी जुनीच आहे. परंतु दह्यामसाल्यांत मुरवून भट्टींत भाजलेली कोंबडी हॉटेलच्या पाटीवर देशभर झळकूं लागली ती फाळणीनंतर. पेशावरहून निर्वासित होऊन आलेल्या पंजाबी मंडळींनीं दिल्लीच्या दर्यागंजांत १९४७ सालीं ‘मोती महल’ काढलें, आणि तेथून ही चाल पसरत गेली. तिला स्वस्ताई आणली ती मात्र ब्रॉयलर जातीनें. पूर्वीं गांवठी कोंबडी अंगणांत वाढावयास पांचसहा महिने लागत. ती पाहुणा आला किंवा सण असला तरच कापली जाई. ब्रॉयलर पिल्लूं सुमारें सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरतें. ह्या धंद्याचा आपल्याकडील विस्तार पुण्याच्या वेंकटेश्वर हॅचरीजशीं व तिचे संस्थापक बी. व्ही. राव यांच्याशीं निगडित आहे. म्हणजे आपला मुलगा जें ‘रोजचें’ म्हणून खातो, तें पन्नासएक वर्षांपूर्वीं मांसाहारी घरांतहि रोजचें नव्हतें.

पापडीचें खरें वैशिष्ट्य तंदुरींत नाहीं. तें ख्रिस्ती घरांतून होणाऱ्या ‘रोस्टां’त आहे. रोस्ट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर निखारा येतो. पण हा पदार्थ बहुधा जाड बुडाच्या भांड्यांत होतो. मांसाचा मोठा तुकडा आलें, लसूण, मिरीं, दालचिनी व शिर्का लावून मुरवितात, मग मंद आंचेवर झांकून, वेळोवेळीं उलथवून, त्याच्याच रसांत तांबूस करितात. शेवटीं त्या रसांत बटाटे परततात. एका वृद्ध ख्रिस्ती बाईंनीं ही कृति आम्हांस दारांत उभ्या राहून सांगितली, आणि “मास्तर, तुम्ही नुसते बटाटे करून पाहा,” असेंहि वर सुचविलें. बटाटे आम्ही घरीं करविले, उत्तम झाले. ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बाटली मसाला हाहि असाच लक्षांत ठेवण्याजोगा. उन्हाळ्यांत मिरच्या, धने, तीळ, खसखस, हळद, नागकेसर, दगडफूल असे वीसपंचवीस जिन्नस वाळवून, भाजून, कुटून तो गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरतात. त्यांत गहूं व हरभरेहि पडतात. आपल्या गोड्या मसाल्याचीं व मेतकुटाचीं कामें ज्या महिन्यांत चालतात त्याच महिन्यांत हेंहि चालतें. आळीच्या अलीकडे एक कुटण, पलीकडे दुसरी!

येथें शास्त्राची आठवण काढणारे वाचक पुष्कळ असतील, आणि ती काढलीच पाहिजे. शूळावर भाजलेलें तें ‘शूल्य’ आणि भांड्यांत शिजविलेलें तें ‘उख्य’, ह्या दोन शब्दांच्या सिद्धीसाठीं पाणिनीनें अष्टाध्यायीच्या चवथ्या अध्यायांत सूत्र घातलें आहे. म्हणजे व्याकरणकारास हे पदार्थ परिचित होते. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत विदूषक माधव्य तक्रार करितो ती राजाच्या मृगयेपायीं अवेळीं व बहुतेक शूल्य मांसाचें जेवण करावें लागतें हीच. कचेरींतल्या तरुणाचीहि तक्रार जवळजवळ अशीच असते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें सुमारें ११३० सालीं रचलेल्या मानसोल्लासांत शूळावर भाजलेल्या मांसाचीं वर्णनें राजभोगांत येतात. सुश्रुतानें कोंबड्याचें मांस स्निग्ध, उष्ण व बृंहण सांगून रानकोंबड्यापेक्षां गांवकोंबडा पचावयास जड ठरविला आहे.

मनूचें काय? पांचव्या अध्यायांत मनूनें गांवकोंबडा द्विजांस निषिद्ध सांगितला आहे, यांत संशय नाहीं. परंतु ज्या श्लोकांत हा निषेध आहे त्याच श्लोकांत त्याच्या पंगतीला लसूण आहे, कांदा आहे आणि अळंबेंहि आहे. आणि जाणूनबुजून खाणाऱ्यास चौघांचेंहि फळ तेंच सांगितलें आहे. चातुर्मासाचे चार महिने वगळून आठ महिने कांद्याची भजीं आणि लसणाची चटणी खाणाऱ्यांनीं त्या श्लोकाचा अर्धाच भाग मुलाच्या तोंडावर फेंकावा, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. उलट मुलांनींहि हें जाणावें कीं त्याच अध्यायांत मांसभक्षण ही प्राण्यांची प्रवृत्ति म्हणून सांगून निवृत्तीला मोठें फळ दिलें आहे. आम्हीं तरुणपणीं निवृत्ति स्वीकारली ती ह्या वचनाच्या भीतीनें नव्हे. जिवंत प्राणी पाहिल्यावर तो खाववेना म्हणून. ज्याला तसें वाटत नाहीं त्याच्यावर तें लादतां येत नाहीं.

१८९० सालच्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनांत रानडे, टिळक प्रभृति मंडळी व्याख्यानास गेली असतां चहाबिस्किटें पुढें आलीं. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं आणि पुढें ग्रामण्य होऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, प्रायश्चित्तें झालीं. एका पेल्यासाठीं एवढें! आणि मौज अशी कीं ज्या वर्षीं पुण्यांत हा पेला गाजला, त्याच सुमारास, म्हणजे १८९० च्या आसपास, मुंबईंत महादू हावजी बच्चे यांनीं कचेऱ्यांत घरचे डबे पोहोंचविण्याचें काम सुरू केलें असें सांगतात. घरचें अन्न घरच्याच हातचें मिळावें, ह्या एका इच्छेच्या पायावर तो सबंध धंदा उभा राहिला. आज पंचहौदाची हकीकत सांगितली कीं घरांतलीं मुलें हंसतात. त्यांच्या हंसण्यांत कांहीं चूक आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

ज्यांना खावयाचेंच आहे त्यांनीं निदान डोळे उघडे ठेवून खावें. कित्येक लहान हॉटेलांत भट्टी सायंकाळीं पेटते. दुपारीं तंदुरी मागितली तर आदल्या रात्रीं अर्धवट भाजून ठेवलेला तुकडा पुन्हां गरम करून पुढें येण्याचा संभव असतो. म्हणून प्रथम भट्टी पेटलेली आहे कीं नाहीं तें पाहावें, नसेल तर रस्साभाकरी मागावी. हाडाजवळचें मांस गुलाबी व ओलें दिसलें तर तें ताट परत करावें. कोंबडीच्या मांसाच्या गाभ्यापर्यंत सुमारें ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोंचली पाहिजे असें आहारशास्त्र सांगतें. भडक लाल रंग हा मिरचीचा नसून बहुधा पुडीचा असतो. कर्नाटक सरकारनें २०२४ च्या जूनमध्यें कबाबांतील कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती उगीच नव्हे. उघड्यावर चिरून ठेवलेला कांदा आणि पाणी घालून वाढविलेली हिरवी चटणी ह्यांच्यापासून कोंबडीइतकाच उपद्रव होतो, हें शाकाहारी मंडळींनींहि विसरूं नये. जेथें कच्चें मांस आणि कोशिंबीर एकाच पाटावर, एकाच सुरीनें चिरतात तेथून उठून जावें. लाजूं नये, पैसे आपले आहेत.

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला ती. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत, नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, धाकटा मुलगा पापडींत नोकरीस आहे. त्याच्या वहिनीला मुंबईची गाडी गांठावयाची असल्यामुळें त्या चार वाजतां उठून स्वतःचा, यजमानांचा व दिराचा असे तीन डबे करीत. कांहीं महिन्यांनीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं दिराचा डबा रिकामा येतो खरा, पण फार स्वच्छ येतो. आमटीचा ओघळसुद्धां झांकणाला नसतो. पोळ्या कचेरीमागच्या कुत्र्यांच्या मुखीं जात होत्या आणि दीर कोपऱ्यावरच्या हॉटेलांत जेवत होते. वहिनींनीं सासूबाईंस सांगितलें नाहीं. मनांत धरलें, आणि डबा करतांना पोळी जाड होऊं लागली, भाजींत मीठ विसरूं लागलें. घरांत बोलणें कमी झालें. थोरल्या भावाला वाटलें पत्नीचें बिनसलें; सासूबाईंना वाटलें सुनेला काम नको झालें. कोंबडीचा त्या घरांत कोणालाहि पत्ता नव्हता, आणि सगळें घर तिच्यामुळें उसवत होतें.

उलगडा झाला तो घरांतल्या ऐंशी वर्षांच्या आजींमुळें. त्यांनीं एके रात्रीं नातवाला जवळ बसवून सरळ विचारलें, आणि त्यानेंहि सरळ सांगितलें. आजी थोडा वेळ जपमाळ ओढीत राहिल्या. मग म्हणाल्या, “खातोस तर बाहेर खा, आणि अंघोळ करून देवघरांत ये. पण माझ्या नातसुनेनें चार वाजतां उठून लाटलेली पोळी कुत्र्याला घालूं नकोस. तिला आधीं सांग.”

दुसऱ्या दिवशीं त्यानें वहिनींची माफी मागितली. दोघांनीं मिळून वार ठरविले. बुधवारीं व शुक्रवारीं दिराचा डबा नसतो. इतर दिवशीं तो डबा नेतो आणि संपवितो, शिवाय रात्रीं तिन्ही डबे तोच घांसतो. पोळी पुन्हां पातळ झाली आहे असें थोरल्या भावानें आम्हांस सांगितलें. श्रावण लागला म्हणजे हे दोन वार बंद होतात. हा नियम आजींनीं घातला नाहीं, मुलानेंच घातला; आणि गेल्या श्रावणांत त्या दोन वारीं त्याला साबुदाण्याची खिचडी डब्यांत मिळाली, ती त्यानें हॉटेलांत बरोबर जेवणाऱ्या ख्रिस्ती मित्राला अर्धी दिली.