नोहाचं तारू, एलियाहूचा रथ आणि आपली मराठी

चाळीस दिवस, चाळीस रात्री पाऊस. सगळं जग पाण्याखाली. एका माणसानं बांधलेलं भलंमोठं तारू आणि त्यात जोडीजोडीनं भरलेली जनावरं. नोहाची ही गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असेलच. कुणी सिनेमात पाहिली असेल, कुणाला ती हजरत नूह म्हणून घरातच सांगितली असेल.

आता हीच गोष्ट कुरुंदवाडात बसून वाचा. २००५, २०१९, २०२१. कृष्णा आणि पंचगंगा फुगल्या की शिरोळ तालुक्यात पहिला प्रश्न असतो, "जनावरांचं काय करायचं?" नोहाची गोष्ट नेमकी त्याच प्रश्नाची आहे. पाणी ओसरलं का हे बघायला त्यानं आधी कावळा सोडला, मग कबुतर. आपण मोबाइलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, एवढाच काय तो फरक!

वर्गातल्या हजेरीत बायबल

ही गोष्ट प्राचीन हिब्रू धर्मग्रंथातली. ज्यूंचा तो तनाख, ख्रिश्चनांचा जुना करार. यातली बरीच माणसं कुराणातही भेटतात. तुमच्या वर्गात इब्राहिम, युसूफ, मुसा, दाऊद, सुलेमान यांपैकी कुणीतरी असेलच. अब्राहम, योसेफ, मोझेस, डेव्हिड, सॉलोमन यांचीच ही नावं.

गोष्टीही अनोळखी वाटत नाहीत. टोपलीत घालून नदीत सोडलेला तान्हा मोझेस वाचताना कर्ण आठवतो. दुष्काळासाठी सात वर्षं धान्य साठवून ठेवणारा योसेफ वाचताना मंगळवेढ्याची कोठारं उघडणारे दामाजीपंत आठवतात.

'कर' लावणारे ज्यू

पण या गोष्टी शतकानुशतकं मराठीत जगलेला एक समाज आपल्याच राज्यात आहे, हे किती जणांना माहीत आहे? त्याचं नाव बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरं. त्यांची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नौगाव इथं त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. उरलं ते आठवणीतलं: 'शेमा' ही प्रार्थना, शनिवारची सुट्टी आणि काही सण. कोकणात ते तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. आडनावं आपल्यासारखीच, गावावरून पडलेली: दिवेकर, पेणकर, नवगावकर, अष्टमकर.

यातले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझेकिएल, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सांगतात, की टिपूच्या आईनं त्यांच्या समाजाचं नाव ऐकलं आणि म्हणाली, हे तर कुराणातले बनी इस्राईल, यांना मारू नका. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधलं. समाजातले लोक त्याला 'मशीद' म्हणायचे. मशीद बंदर स्टेशनचं नाव यावरूनच पडलं, असं अनेक जण मानतात. पुण्यात मात्र १८६७ मध्ये बगदादी ज्यूंनी बांधलेल्या सिनेगॉगला लोक 'लाल देऊळ' म्हणतात. मशिदीत गणपती बसवणाऱ्या कुरुंदवाडकरांना याचं फार नवल वाटू नये.

अलिबागजवळ उतरलेला रथ

ग्रंथात एलिया संदेष्टा अग्निरथात बसून स्वर्गात जातो. बेने इस्राएल सांगतात, की तो रथ अलिबागजवळच्या खंडाळे गावी टेकला होता. तिथल्या खडकावरच्या खुणा रथाच्या चाकाच्या, असं मानतात. नवस फेडायला, लग्नाआधी त्याच एलियाहू हन्नावीच्या नावानं 'मलिदा' करतात: पोहे, गूळ, ओलं खोबरं, सुकामेवा आणि फळं.

आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे कीर्तन! १८८० च्या सुमारास मुंबईत या समाजातल्या मंडळींनी अब्राहम, योसेफ, मोझेस यांची आख्यानं मराठी कीर्तनात मांडायला सुरुवात केली. साकी, दिंडी, ओवी सगळं आपलंच. फक्त आख्यानात श्रीकृष्णाच्या जागी मोझेस. हिब्रू न कळणाऱ्या बायकापोरांना आपलीच गोष्ट आपल्या भाषेत कळू लागली.

आता ऐकणार कोण?

१९४८ नंतर यातले बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथं काही धर्मपंडितांनी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, तेव्हा तिथल्या संसदेनं ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य केलं. म्हणजे कोकणात इतकी शतकं जे आठवून जपलं, तेच त्यांना पुन्हा सिद्ध करावं लागलं! महाराष्ट्रात आज हा समाज काही हजारांवर आला आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारनं त्याला अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमध्ये काही वयस्कर बायका अजून ती मराठी गाणी म्हणतात. नातवंडं हिब्रूत बोलतात. ती गाणी पुढं कोण म्हणणार, हा प्रश्न उघडाच आहे.

आता स्वतःकडे बघा. पुराचे आपल्याकडे हजारो व्हिडिओ आहेत. पण २००५ ला गोठ्यातली म्हैस कुणी सोडली, नाव कुणाची होती, आठवडाभर कोण कुणाच्या घरी जेवलं, हे घरातल्या मोठ्यांच्याच डोक्यात आहे. पोथ्या बुडाल्या तरी त्या चौदा माणसांच्या गोष्टी उरल्या, कारण कुणीतरी सांगत राहिलं आणि कुणीतरी ऐकत बसलं.

तेव्हा पुढच्या सहलीत अलिबागचा किल्ला बघून झाला की खंडाळ्याचा तो खडकही बघून या. आणि त्याआधी, या रविवारी, आजीसमोर फोन ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, "आजी, पाणी आलं तेव्हा तू कुठं होतीस?"