गृहसंग्रहालय आणि वास्तुजतन : ‘हिस्टॉरिक न्यू इंग्लंड’ या संस्थेची कार्यपद्धती

प्रस्तावना

एखादे ऐतिहासिक राहते घर जतन करून लोकांसाठी खुले केले, म्हणजे त्यास गृहसंग्रहालय म्हणतात. इतर संग्रहालयांत वस्तू महत्त्वाच्या असतात. येथे घर हीच प्रमुख वस्तू होय. त्यामुळे दोन प्रश्न अटळ ठरतात : घराचे कोणत्या काळातील रूप जपावयाचे आणि त्याचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या कोणी सोसावयाचा? अमेरिकेतील ‘हिस्टॉरिक न्यू इंग्लंड’ या ना-नफा संस्थेने या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

संस्थेचा परिचय

विल्यम सम्नर ॲपलटन यांनी १९१० मध्ये बोस्टन येथे ‘सोसायटी फॉर द प्रिझर्व्हेशन ऑफ न्यू इंग्लंड अँटिक्विटीज’ ही संस्था स्थापन केली. २००४ पासून ती सध्याच्या नावाने ओळखली जाते. न्यू इंग्लंड प्रदेशातील ३५ हून अधिक गृहसंग्रहालये ती चालविते.

कोणते रूप जपावे?

ॲपलटन यापूर्वी बोस्टनमधील पॉल रिव्हिअर यांचे घर वाचविणाऱ्या मंडळाचे चिटणीस होते. १९०८ मध्ये खुल्या झालेल्या या घराचा दर्शनी बाजूचा तिसरा मजला जीर्णोद्धारात उतरविण्यात आला व घरास सतराव्या शतकातील रूप देण्यात आले. परंतु रिव्हिअर १७७० मध्ये तेथे राहावयास आले, तेव्हा तो मजला अस्तित्वात होता. म्हणजे घर अधिक प्राचीन दिसू लागले. पण ज्यांच्या स्मृतीसाठी ते वाचविले, त्यांच्या काळातील रूप मात्र नाहीसे झाले.

ॲपलटन यांच्या संस्थेने सॉगस येथील सतराव्या शतकाच्या अखेरचे बोर्डमन घर १९१४ मध्ये घेतले, तेव्हा त्याचे असे कल्पित पुनर्निर्माण टाळले. दुरुस्ती आवश्यक तेवढीच करावी आणि नंतरच्या काळातील बदल हाही पुरावाच मानावा, हे त्यामागील तत्त्व होय. वास्तू प्राचीनच असली पाहिजे, असाही संस्थेचा आग्रह नाही. वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियस यांचे लिंकन येथील १९३८ चे घर कुटुंबाच्या सामानसुमानासह तिने जतन केले आहे.

खर्च कोणी सोसावा?

छप्पर, लाकूडकाम, रंगरंगोटी यांचा खर्च कधीच संपत नाही आणि केवळ प्रवेशशुल्कातून तो क्वचितच भागतो. म्हणून प्रत्येक घर संग्रहालय करण्याऐवजी संस्थेने जतन-कराराचा मार्गही स्वीकारला. त्यानुसार घर खाजगी मालकाकडेच राहते. तो तेथे राहू शकतो, ते विकूही शकतो. मात्र नोंदणीकृत दस्तात नमूद केलेले भाग संस्थेच्या संमतीवाचून बदलण्यास त्याला व पुढील सर्व मालकांना मनाई असते. अशा करारांनी शंभराहून अधिक वास्तूंना संरक्षण मिळाले आहे.

निष्कर्ष

वास्तू विकत घेणे हा जतनाचा केवळ आरंभ होय. पुराव्यास न डावलणारी दुरुस्ती आणि निश्चित स्थायी निधी यांवाचून गृहसंग्रहालय टिकत नाही. जेथे हे शक्य नसेल, तेथे बंद पडलेल्या संग्रहालयापेक्षा निर्बंधांसह नांदते राहिलेले घर इतिहासाचे अधिक चांगले रक्षण करते.