जीन-शमन व कर्क कोशिका

जीन-शमन : कोशिकेतील (पेशीतील) एखाद्या जीनाचा डीएनए-क्रम न बदलता त्या जीनापासून होणारी प्रथिननिर्मिती थांबविणे किंवा पुष्कळ कमी करणे, या क्रियेस जीन-शमन म्हणतात. जीनाचे कार्य ओळखण्याचा सरळ मार्ग म्हणजे तो निष्क्रिय केल्यावर कोशिकेत काय बदलते ते पाहणे. कर्करोगाच्या अभ्यासात या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. कारण कर्क कोशिकांची बेसुमार वाढ व त्यांचे इतर ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) शिरणे या दोन वेगळ्या गोष्टी असून रोगी दगावतो तो बहुधा दुसरीमुळे.

पेट्यूनियाच्या फुलांचा रंग अधिक गडद व्हावा म्हणून रंगद्रव्याच्या जीनाची जादा प्रत घातली असता काही फुले उलट पांढरी झाली, असे १९९० मध्ये आढळले. त्यामागील यंत्रणेवर प्रकाश पडला तो १९९८ मध्ये. अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी सूत्रकृमींवरील प्रयोगांत द्विसूत्री आरएनए हे शमनाचे कारण असल्याचे दाखविले व त्याबद्दल त्यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डायसर हे एंझाइम लांब द्विसूत्री आरएनएचे २१ ते २३ न्यूक्लिओटाइडांचे तुकडे करते. त्यांतील एक सूत्र प्रथिनसमूहात बसते व आपल्याशी जुळणारा संदेशवाहक आरएनए हुडकून त्याचा छेद घडवून आणते. संदेशच नष्ट झाल्याने प्रथिन तयार होत नाही. सस्तन प्राण्यांच्या कोशिकांत लांब द्विसूत्री आरएनए घातल्यास विषाणुविरोधी प्रतिक्रिया उद्भवते. ही अडचण २००१ मध्ये तयार आखूड तुकडे वापरून दूर झाली. परिणाम दीर्घकाळ टिकवायचा असल्यास केसातील पिनेप्रमाणे दुमडणारा आरएनए कोशिकेतच निर्माण होईल अशी योजना करतात.

शमनानंतर कोशिकांची संख्या व त्यांनी बनविलेल्या वसाहती मोजून वाढ ठरवितात. हालचालीसाठी बशीतील कोशिकांच्या सलग थरावर बारीक टोकाने ओरखडा काढून तो किती वेळात भरतो हे पाहतात. ही कसोटी सोपी असली, तरी फसवी आहे. ओरखडा कोशिका सरकल्यामुळे भरला की विभाजनाने वाढल्यामुळे, हे तीवरून आपोआप कळत नाही. म्हणून विभाजन रोखूनही ती करतात. आक्रमणशीलता मोजण्यासाठी सच्छिद्र पटलावर जेलीसारख्या प्रथिनांचा थर देऊन त्यातून पार झालेल्या कोशिका मोजतात. कोणत्याही जीनाशी न जुळणारा आरएनए वापरून केलेला तुलनात्मक प्रयोग नसेल, तर अशा निष्कर्षांना फारसे मोल नाही.

कोल्हापूर जिल्हा व लगतचा निपाणीचा परिसर तंबाखूच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. तंबाखू चघळणे व स्त्रियांत मिश्री लावणे या सवयीही या भागात जुन्या आहेत. धूरविरहित तंबाखू हे मुखाच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण असल्याने या रोगावरील संशोधन येथील लोकांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचे ठरते. असे संशोधन नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत चालते. १९५२ मध्ये वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत स्थापन झालेले कर्करोग संशोधन केंद्र ही तिची पूर्वपीठिका होय.

केराटिन ८ व १८ ही तंतुमय प्रथिने निरोगी मुखाच्या बहुस्तरी अभिस्तरात सामान्यतः नसतात. मुखाच्या कर्करोगात मात्र ती आढळतात. ती रोगाची केवळ खूण की कारण, हा प्रश्न होता. खारघर येथील मिलिंद वैद्य व सहकारी यांनी मुखाच्या अर्बुदापासून मिळविलेल्या कोशिकांत केराटिन ८ चे शमन केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात कोशिकांची हालचाल व आक्रमणशीलता घटली आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत अर्बुद निर्माण करण्याची त्यांची क्षमताही कमी झाली. कोशिकेला खालच्या आधाराशी जोडणाऱ्या इंटेग्रिन प्रथिनाकडून येणारे संकेतही बदलले होते. म्हणजे हे केराटिन निव्वळ खूण नव्हते.

त्याच संस्थेत सोराब दलाल व सहकारी यांनी २००८ मध्ये प्लॅकोफिलिन ३ या प्रथिनाबाबत दाखविलेला परिणाम नेमका उलट आहे. हे प्रथिन शेजारच्या कोशिकांना एकमेकींशी घट्ट बांधणाऱ्या जोडांचा घटक आहे. त्याचे शमन होताच कोशिकांची पकड सैल झाली, त्या अधिक हालू लागल्या आणि प्रक्षेप (मूळ अर्बुदापासून दूर दुय्यम अर्बुद होणे) वाढला. २०१२ मधील कामात या दोन्ही गोष्टींचा दुवा मिळाला : प्लॅकोफिलिन ३ नाहीसे झाल्यावर होणाऱ्या प्रक्षेपासाठी केराटिन ८ वरील फॉस्फेट गट निघून जाणे आवश्यक असते. एका जीनाचे शमन रोगाला आवर घालते, तर दुसऱ्याचे त्याला वाट मोकळी करून देते.

उपचारातील मुख्य अडचण आरएनए बनविण्याची नसून तो पोहोचविण्याची आहे. रक्तातील एंझाइमे त्याचे विघटन करतात आणि उरलेला बहुतांशी यकृतात जातो. म्हणूनच या तत्त्वावरील पहिले मान्यताप्राप्त औषध (पॅटिसिरान, २०१८) यकृतात तयार होणाऱ्या एका सदोष प्रथिनाविरुद्ध आहे. घन अर्बुदाच्या आतील कोशिकांपर्यंत पुरेशा प्रमाणात आरएनए नेण्यासाठी मेदकण व इतर अतिसूक्ष्म कणांचे वाहक तपासले जात आहेत.